सुदर्शन तळे दोनदा फुटले

सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यात श्रीपूर नावाचे गाव आहे. बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट ही कंपनी १९३४ साली स्थापन झाली आणि तिच्या साखर कारखान्यामुळे हे गाव नावारूपाला आले. नीरा उजव्या कालव्याचे पाणी जिथे पोचते तिथे ऊस दिसतो. कालव्याची हद्द ओलांडली की जिराईत सुरू होते. वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात अशा कोरड्या गावांचा आधार म्हणजे गावतळे किंवा पाझर तलाव. तो भरला तर विहिरींना पाणी, नाही तर टँकरची वाट.

श्रीपूरला काही शिक्षकांबरोबर आमची बैठक झाली होती. विषय होता शाळेतील विज्ञानाचे प्रयोग. बोलता बोलता जवळच्याच एका जिराईत गावातील शिक्षक म्हणाले, ‘‘ऑक्टोबर २०२० च्या पावसात आमचा पाझर तलाव फुटला. पुढे माती टाकून भगदाड बुजवले. आता दर पावसाळ्यात मुले विचारतात, सर, आपला तलाव पुन्हा फुटणार नाही ना? काय सांगायचे त्यांना?’’

आम्ही उलट विचारले, ‘‘पहिल्यांदा तो का फुटला?’’

‘‘पाऊस फार झाला म्हणून.’’

उत्तर खोटे नव्हते, पण पुरे नव्हते. त्याच पावसात आजूबाजूचे काही तलाव टिकलेही होते. मग ‘पाऊस फार झाला’ एवढ्यावर थांबून कसे चालेल? तळे फुटणे, ते पुन्हा बांधणे आणि त्यावर वाद होणे ही गोष्ट फार जुनी आहे. तिची एक सविस्तर नोंद गुजरातेत एका खडकावर कोरलेली आजही वाचता येते. आधी तिच्याकडे वळू आणि मग आपल्या तलावाकडे परत येऊ.

खडकावरची नोंद

जुनागढजवळ गिरनार डोंगराच्या वाटेवर एक प्रचंड शिळा आहे. तिच्यावर सम्राट अशोकाच्या १४ आज्ञा आहेत, क्षत्रप राजा रुद्रदामन याचा संस्कृत लेख आहे आणि गुप्त सम्राट स्कंदगुप्ताच्या काळचाही एक लेख आहे. एकोणिसाव्या शतकात हे लेख वाचण्याचे काम अनेक विद्वानांनी केले. त्यांत मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड हेही होते. रुग्णांना तपासता तपासता प्राचीन लेखांचा अभ्यास करणाऱ्या या डॉक्टरांनी १८६० नंतरच्या वर्षांत रुद्रदामन आणि स्कंदगुप्त या दोघांचेही लेख भाषांतरासह प्रसिद्ध केले.

रुद्रदामन म्हणजे आपल्या सातवाहनांचा प्रतिस्पर्धी. दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णी याला आपण दोनदा हरवले, असे तो याच लेखात सांगतो. परंतु लेखाचा मुख्य विषय लढाई हा नाही. मुख्य विषय आहे एका तळ्याची दुरुस्ती.

या तळ्याचे नाव सुदर्शन. चंद्रगुप्त मौर्याचा प्रांताधिकारी पुष्यगुप्त याने ते बांधवले. पुढे अशोकाच्या कारकिर्दीत यवन अधिकारी तुषास्फ याने त्याला प्रणाली, म्हणजे पाणी सोडण्याचे मार्ग, करून दिले. साधारण साडेचारशे वर्षे तळे चालले. मग शके ७२ मध्ये, म्हणजे इ.स. १५० च्या सुमारास, मार्गशीर्ष वद्य प्रतिपदेला मोठे वादळ झाले. ऊर्जयत् पर्वतावरून येणाऱ्या सुवर्णसिकता, पलाशिनी इत्यादी नद्यांना पूर आला. उपाय केले तरी बांध फुटला. ४२० हात लांब, तेवढेच रुंद आणि ७५ हात खोल असे भगदाड पडले. हात म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर धरले तर लांबी सुमारे १९० मीटर होते. सगळे पाणी वाहून गेले. लेखक म्हणतो, सुदर्शन होते ते दुर्दर्शन झाले, वाळवंटासारखे दिसू लागले.

पुढचा भाग तर आजच्या कुठल्याही कार्यालयात घडल्यासारखा आहे. राजाचे सल्लागार आणि कामकाज पाहणारे मंत्री यांनी काम हाती घेण्यास नकार दिला. भगदाड एवढे मोठे की, हे होणे नाही असे त्यांचे मत पडले. इकडे बांध पुन्हा होत नाही म्हणून प्रजेत हाहाकार उडाला. शेवटी सुविशाख नावाच्या पह्लव वंशातील अधिकाऱ्याने काम पुरे केले. रुद्रदामन सांगतो की यासाठी लोकांवर कर बसवला नाही, वेठबिगार घेतली नाही, देणग्या उकळल्या नाहीत. आपल्या खजिन्यातून पैसा खर्च केला. नवा बांध पूर्वीच्या तिप्पट मजबूत केला आणि तळे पूर्वीपेक्षाही अधिक सुदर्शन झाले.

इथे गोष्ट संपली असती तर ती राजाची स्तुती म्हणून सोडून देता आली असती. पण त्याच शिळेवरचा स्कंदगुप्ताच्या काळचा लेख सांगतो की गुप्त संवत १३६, म्हणजे इ.स. ४५५ मध्ये, भाद्रपदातील षष्ठीच्या रात्री तळे पुन्हा फुटले. लोक रात्ररात्र जागून एकमेकांना विचारू लागले, आता कसे करायचे? सौराष्ट्राचा अधिकारी पर्णदत्त याचा मुलगा चक्रपालित याने पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात दोन महिन्यांत नवा बांध घातला. त्याची मापे दिली आहेत: १०० हात लांब, ६८ हात रुंद आणि सात पुरुष उंच.

वादळ केव्हा आले?

या दोन्ही तारखांकडे पाहा. एक मार्गशीर्षातील आहे, दुसरी भाद्रपदातील. पावसाळ्याच्या सुरुवातीची एकही नाही.

कारण समजणे अवघड नाही. जूनमध्ये तळे रिकामे असते. पहिला मोठा पाऊस ते पोटात घेते. पावसाळा संपत आला की तळे काठोकाठ भरते. गावाच्या दृष्टीने हीच आनंदाची वेळ, आणि बांधाच्या दृष्टीने हीच धोक्याची. आता येणारे पाणी साठवायला जागा नाही. जेवढे आत येईल तेवढे बाहेर गेले पाहिजे. भारताच्या दोन्ही बाजूंच्या समुद्रांत ऑक्टोबर-नोव्हेंबर हे चक्रीवादळांचे महिने आहेत. रुद्रदामनच्या लेखातील झाडे आणि डोंगरमाथे उखडणारा वारा अशाच एखाद्या वादळाचा असावा, असे आमचे अनुमान आहे.

ऑक्टोबर २०२० मध्ये आपल्याकडे हेच घडले. बंगालच्या उपसागरातील तीव्र कमी दाबाचा पट्टा १३ ऑक्टोबरला आंध्रात काकीनाड्याजवळ जमिनीवर आला आणि तेलंगण, उत्तर कर्नाटक ओलांडत पश्चिमेकडे सरकला. १४ तारखेला सोलापूर आणि शेजारच्या उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत अतिवृष्टी झाली. त्या वर्षी पाऊस चांगला झाल्याने तलाव आधीच भरलेले होते. अनेक ठिकाणी बंधारे आणि पाझर तलाव फुटले.

म्हणजे ‘पाऊस फार झाला’ याऐवजी ‘भरलेल्या तळ्यावर पाऊस फार झाला’ असे म्हटले पाहिजे. दोन शब्दांची भर पडली आणि प्रश्न बदलला. आता प्रश्न असा की भरलेल्या तळ्यातून पाणी बाहेर जायला वाट किती होती?

सांडव्याचा हिशेब

ही वाट म्हणजे सांडवा. मातीच्या बांधावरून पाणी कधीही वाहू द्यायचे नसते. ते माथ्यावरून गेले की खालच्या उताराची माती धुपते, घळ पडते, घळीतून जास्त पाणी जाते, त्याने घळ आणखी रुंदावते. म्हणून बांधाच्या टोकाला, घट्ट मुरूम किंवा खडक असलेल्या जागी, माथ्यापेक्षा खालच्या पातळीवर सांडवा ठेवतात. सांडव्याची पातळी आणि बांधाचा माथा यांतील अंतर ही बांधाची सुरक्षिततेची उंची.

एक साधे गणित वर्गात करता येईल. समजा, तलावाचे पाणलोट क्षेत्र २ चौरस किलोमीटर आहे. ३ तासांत १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातले निम्मे पाणी तलावाकडे धावले. २० लाख चौरस मीटर गुणिले ०.१ मीटर, त्याचे निम्मे, म्हणजे १ लाख घनमीटर पाणी झाले. ३ तासांचे १०,८०० सेकंद. भागाकार केला तर दर सेकंदाला सुमारे ९.३ घनमीटर पाणी येते.

सांडव्यावरून जाणाऱ्या पाण्यासाठी एक ढोबळ सूत्र आहे. सांडव्याची लांबी मीटरमध्ये घ्यावी, तिला पाण्याच्या खोलीच्या दीड घाताने आणि १.७ ने गुणावे, की सेकंदाला जाणारे घनमीटर मिळतात. सांडवा १० मीटर लांब असेल तर ९.३ घनमीटर पाणी जाण्यासाठी त्यावर सुमारे ६७ सेंटिमीटर खोलीचा प्रवाह लागतो. बांधाचा माथा सांडव्यापेक्षा १ मीटर उंच असेल तर तळे वाचले.

आता समजा, सांडव्याच्या अर्ध्या भागात वेडी बाभूळ माजली आहे आणि गाळ साचला आहे. लांबी उरली ५ मीटर. तेवढेच पाणी जायला आता सुमारे १ मीटर ६ सेंटिमीटर खोली लागते. बांधाचा माथा १ मीटरवरच आहे. पाणी बांधावरून वाहू लागेल. पाऊस तोच, बांध तोच; एका बाभळीच्या झुडपाने निकाल फिरवला. प्रत्यक्षात पाऊस एकसारखा पडत नाही आणि तलावही थोडे पाणी सामावून घेतो, त्यामुळे खरे गणित याहून गुंतागुंतीचे असते. पण धडा बदलत नाही.

झुडपापेक्षाही घातक एक गोष्ट आपण स्वतः करतो. दोन फूट पाणी जास्त साठावे म्हणून सांडव्यावर वाळूची पोती किंवा दगडांची रांग रचतो. पाण्याच्या टंचाईत हा मोह कळण्यासारखा आहे. पण ती रांग बांधाची सुरक्षिततेची उंची खाऊन टाकते.

दुरुस्तीच धोक्याची कशी ठरते याचे उदाहरण अमेरिकेत पाहायला मिळते. पेनसिल्व्हेनियातील साउथ फोर्क येथील मातीचा बांध मुळात एका कालव्यासाठी बांधलेला होता. १८६२ मध्ये तो फुटला आणि तसाच पडून राहिला. पुढे १८७९ नंतर श्रीमंतांच्या एका क्लबने मासेमारी आणि नौकाविहारासाठी तो दुरुस्त केला. भगदाड बुजवले, पण तळातील पाणी सोडण्याचे नळ आधीच काढून विकलेले होते, ते पुन्हा बसवले नाहीत. घोडागाड्या जाव्यात म्हणून माथा थोडा उतरवला. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यात जाळ्या लावल्या. ३१ मे १८८९ रोजी अतिवृष्टीत पाणी माथ्यावरून गेले, बांध फुटला आणि खालच्या जॉन्सटाउन गावात २,२०९ माणसे दगावली. तळे दिसायला सुंदर होते. त्याची सुटकेची वाट मात्र बुजलेली होती.

पोटातली गळती

बांध फक्त माथ्यावरूनच फुटतो असे नाही. महाराष्ट्राला हे १२ जुलै १९६१ रोजी कळले. आंबी नदीवरील पानशेतच्या मातीच्या धरणाचे काम पुरे व्हायचे होते. भरावाच्या तळातून जाणारा विमोचक, म्हणजे पाणी सोडण्याचा मार्ग, अपुरा असतानाच धरण भरू लागले. विमोचकावरचा भराव खचत गेला. जवानांनी वाळूची पोती रचून धरण काही तास तगवले, त्यामुळे फुटण्याची वेळ रात्रीची न येता सकाळची आली. पानशेतच्या लोंढ्याने खाली खडकवासल्याचे १८७९ साली पुरे झालेले दगडी धरणही फोडले आणि पुण्यात हाहाकार झाला. पुढे दोन्ही धरणे पुन्हा बांधली गेली आणि आजही पुण्याला पाणी देतात.

भरावात कुठलीही परकी वस्तू आली, मग तो नळ असो, दगडी भिंत असो वा झाडाचे मूळ असो, की माती आणि ती वस्तू यांच्यात फट राहण्याची भीती असते. पाणी त्या फटीतून मातीचे कण काढत जाते. खालच्या बाजूने गढूळ पाणी येऊ लागले की समजावे, पाण्याबरोबर बांधही बाहेर येतो आहे. झिरपणारे पाणी नितळ आहे की गढूळ, एवढे पाहायला कुठलेही उपकरण लागत नाही.

भगदाड बुजवणे म्हणजे दुरुस्ती नव्हे

आता श्रीपूरच्या बैठकीतील प्रश्नाकडे येऊ. भगदाडात माती टाकली, बांध सरळ दिसू लागला. पुन्हा फुटेल का?

रुद्रदामनच्या लेखात नव्या बांधाचे वर्णन करताना एक शब्द आला आहे: ‘निःसंधि’, म्हणजे सांधा नसलेला. आम्हांला हा संपूर्ण लेखातील सर्वांत शहाणा शब्द वाटतो. जुना बांध वर्षानुवर्षे दबून घट्ट झालेला असतो. नवी माती सैल असते आणि नंतर दबते. दोन्हींमध्ये सांधा राहिला तर पाणी तोच शोधते.

म्हणून आजही पद्धत अशी आहे. भगदाडाच्या दोन्ही उभ्या कडा तशाच ठेवायच्या नाहीत; त्या तिरप्या कापून पायऱ्या पाडायच्या, म्हणजे नवी माती जुन्या मातीत गुंतते. बहुधा भगदाड ओढ्याच्या मूळ पात्रातच, बांधाच्या सर्वांत खोल जागी पडलेले असते. तिथली वाळू आणि गाळ पूर्ण काढून खाली घट्ट थर लागेपर्यंत चर खणायचा. मध्ये चिकणमातीचा गाभा आणि दोन्ही बाजूंना मुरमाचे कवच घालायचे. सोलापूरकडील काळी माती पाणी अडवायला उत्तम, पण उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात. ती उघडी ठेवली तर पहिल्याच पावसाचे पाणी भेगांतून आत शिरते. मुरमाचे कवच तिला झाकते.

माती एकदम ओतायची नाही. वीतभर थर टाकायचा, पाणी शिंपायचे, दाबायचे, मग पुढचा थर. पाणी किती, हा कळीचा मुद्दा. अमेरिकन अभियंता राल्फ प्रॉक्टर याने १९३३ मध्ये दाखवले की ठरावीक दाबासाठी प्रत्येक मातीचे एक योग्य ओलेपण असते. त्याहून कोरडी माती नीट दबत नाही, त्याहून ओली मातीही दबत नाही. खेड्यातील जुन्या गवंड्याला हे आकडे ठाऊक नसतील, पण मातीचा लाडू वळतो का, आणि वळल्यावर हाताला चिखल लागतो का, हे तो पाहायचा. प्रॉक्टरची चाचणी म्हणजे त्या लाडवाचेच मोजमाप.

आणि शेवटी, भगदाडाइतकेच लक्ष सांडव्याकडे द्यायचे. रुद्रदामनच्या लेखात ‘परीवाह’ हा शब्द आहे; जादा पाणी वाहून जाण्याची वाट असा त्याचा अर्थ. सुविशाखाने फक्त भगदाड बुजवले असते तर तळे पुढे तीनशे वर्षे टिकले असते का, याची आम्हांला शंका वाटते.

तळे कोणाचे?

तरीही सुदर्शन तळे आज नाही. कधीतरी ते पुन्हा फुटले किंवा गाळाने भरले असेल, आणि त्या वेळी सुविशाख किंवा चक्रपालित पुढे आला नाही. ते नेमके कुठे होते, यावरही संशोधकांना चर्चा करावी लागते.

पूर्व विदर्भात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या भागात कोहळी समाजाने आणि इतरांनी बांधलेले हजारो मालगुजारी तलाव आहेत. मालगुजाराचे उत्पन्न तलावावर अवलंबून असल्याने त्यांची डागडुजी होत असे. त्या व्यवस्थेत शोषणही होते आणि ती १९५१ मध्ये गेली हे योग्यच झाले. पण तलाव सरकारजमा झाले तशी ‘आपला तलाव’ ही भावना सैल झाली आणि अनेक तलाव गाळाने भरले. याउलट सोलापूरजवळचा १८७१ चा एकरुख तलाव आणि दुष्काळी कामातून उभा राहिलेला आष्टीचा तलाव आजही आहेत. दोन्ही मातीचेच. त्यांच्या बांधावर फिरणारा, सांडवा पाहणारा कोणीतरी नेमलेला होता.

पाझर तलावांचे तसे नाही. १९७२ च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीच्या कामांतून ते गावोगाव झाले. खोदताना शेकडो हात होते. काम संपले, मस्टर बंद झाले आणि तलाव एकटा पडला. कागदोपत्री त्याला मालक आहे. पावसाळ्यात त्याच्याकडे पाहायला जाणारे माणूस मात्र बहुतेक ठिकाणी नाही.

ही जागा शाळा घेऊ शकते, असे आम्ही त्या बैठकीत सुचवले. मे महिन्यात आठवी-नववीच्या मुलांनी टेप घेऊन सांडव्याची लांबी मोजावी. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी पातळी काढतात, तशी सांडव्याची आणि माथ्याची पातळी काढावी. दोन्हींतील अंतर लिहावे. बांधावर झाडे किंवा उंदीर-घुशींची बिळे किती, ते मोजावे. वर दिलेले गणित आपल्या तलावाचे आकडे घालून करावे. पावसाळ्यात मात्र मुलांनी बांधाजवळ जाऊ नये. मोठ्यांबरोबर लांबून, सुरक्षित जागेवरून, पाणी सांडव्याला कधी लागले आणि खाली येणारे पाणी नितळ आहे की गढूळ, एवढेच पाहावे. हे सगळे एका जाड वहीत तारखेसह लिहून ती वही शाळेत ठेवावी आणि दरवर्षी तिची एक प्रत ग्रामपंचायतीला द्यावी.

ते शिक्षक थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘म्हणजे मुलांना ‘फुटणार नाही’ असे सांगायचे नाही.’’

नाही. तसे कोणीच सांगू शकत नाही. ‘चला, सांडवा मोजून येऊ’ असे मात्र सांगता येते. गिरनारच्या शिळेवर राजांची नावे आहेतच, पण आज आपल्याला उपयोगी पडतात ती त्यांच्या शेजारी कोरलेली तारीख, भगदाडाची मापे आणि कामाची पद्धत. आपल्या गावच्या तळ्याची तेवढी नोंद कुठल्या शिळेवर नाही, तर शाळेच्या वहीत तरी असावी.